सूचना : संघाच्या कामासाठी डिजिटल साधनांची निवड

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, प्रकल्पाच्या कामासाठी कोणती डिजिटल साधने वापरायची हे ठरविण्यासाठी येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता सोलापुरातील आपल्या कार्यशाळेत बैठक होईल. उपगटप्रमुखांनी उपस्थित राहणे बंधनकारक आहे.

गेल्या महिन्यात ब्रेक पेडलच्या आराखड्याच्या ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘अंतिम नवीन’ अशा तीन फायली व्हॉट्सॲपवर फिरत राहिल्या आणि जुन्याच मापाने पत्रा कापला गेला. तो पत्रा अजूनही भिंतीला टेकून उभा आहे. असे पुन्हा घडू नये, अशी मनापासून इच्छा आहे.

येण्यापूर्वी पुढील बाबींचा विचार करावा :

१. गिटमध्ये (फायलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) प्रोग्रॅममधील बदल ओळीओळीने जुळवता येतात, परंतु कॅडच्या (संगणकावर काढलेल्या आराखड्यांच्या) फायली तशा जुळवता येत नाहीत. म्हणून एका भागावर एका वेळी एकानेच काम करावे, अशी व्यवस्था असणारे साधन मला अधिक योग्य वाटते. शिवाय गिटहबवर (गिटमधील फायली ऑनलाइन ठेवण्याचे संकेतस्थळ) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल थेट चढवता येत नाही.

२. गुगल ड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात मोफत जागा १५ जीबी असते व तीत जीमेलही मोजले जाते. अंतिम वर्षाचे विद्यार्थी बाहेर पडल्यावर फायली त्यांच्यासोबत जाऊ नयेत, यासाठी खाते संघाचेच असावे.

३. स्लॅकच्या (संघातील संदेशांसाठीचे ॲप) मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत.

प्रत्येक उपगटाने आपली लेखी पसंती कारणांसह गुरुवारपर्यंत द्यावी.

– संघ समन्वयक