अथेन्सला निघालेल्या लेकीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

अथेन्सला अॅक्रोपोलिस तर तू बघशीलच, पण तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या एका संगमरवरी शिल्पापाशी माझ्यासाठी थोडी थांब. १८५९ साली अथेन्सजवळच्या एल्युसिसला सापडलेलं हे शिल्प इ.स.पू. ४४० ते ४३० च्या सुमाराचं आहे. डावीकडे राजदंड धरलेली धान्याची देवी डिमीटर, उजवीकडे मशाल घेतलेली तिची लेक पर्सेफनी आणि मध्ये ट्रिप्टोलेमस, कोवळा पोरगा. डिमीटर त्याच्या हाती ओंब्या देते आहे. त्या बहुधा धातूच्या होत्या, आता दिसत नाहीत.

अथेन्सचे लोक सांगत, की ट्रिप्टोलेमसने देवीकडून धान्य घेतलं आणि सापांच्या रथातून फिरून जगाला पेरणी शिकवली. हा मान ते वसूलही करत. इ.स.पू. पाचव्या शतकातला त्यांचा एक ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे : जवाचा सहाशेवा आणि गव्हाचा बाराशेवा हिस्सा एल्युसिसला, डिमीटरच्या देवस्थानाला, पोचता करावा, अंकित नगरांनीसुद्धा. खरं तर गहू आणि जव ग्रीसमध्ये आले ते पश्चिम आशियातून, इ.स.पू. ७००० च्या सुमारास.

मला मात्र त्या ठरावाहून जुनं डिमीटरचं स्तोत्र जवळचं वाटतं. त्यात शेती आधीपासून आहे, आणि डिमीटर ती बंद पाडते. पाताळाच्या राजाने, हेडीसने, तिची लेक पळवली, तीही बापाच्या, देवांचा राजा झ्यूसच्या, संमतीने. आईला कुणी विचारलंच नाही. नऊ दिवस ती अन्नपाण्याशिवाय मशाली घेऊन फिरली. मग म्हातारीच्या रूपात एल्युसिसच्या राजाकडे मूल सांभाळायला राहिली. तिथे मद्य नाकारून तिने जव आणि पुदिन्यासारखा पाला घातलेलं पाणी तेवढं घेतलं. पुढे आपल्या देवळात जाऊन बसली, ती उठेचना. बैल नांगर ओढत राहिले, जव मातीत पडत राहिला, कोंब काही फुटला नाही. माणसं उपाशी मरणार आणि देवांचे नैवेद्य बंद पडणार म्हटल्यावर झ्यूस नमला. पण लेकीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तिथेच काढावा लागतो.

पेरलेलं उगवेल ना, ही कुणब्याची धास्ती या गोष्टीत आहे. ग्रीसमधला हंगाम आपल्या रब्बीसारखा : पावसाच्या तोंडावर, शरदात पेरणी आणि उन्हाळ्याआधी कापणी. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, लेक पाताळात असते तो कोरडा उन्हाळा, बियाणं जमिनीखाली साठवून ठेवण्याचा काळ. मला हे पटतं. आणि हट्ट धरून बसलेली ती आई तर फारच पटते. तुझ्या बाबतीत कुणी असं परस्पर ठरवलं असतं, तर मीही तेच केलं असतं.

एल्युसिस, म्हणजे आजचं एलेफ्सिना, अथेन्सहून वीसेक किलोमीटरवर आहे. देवस्थानच्या दाराशी कल्लिखोरोन विहीर अजून आहे. तिच्या वरच्या अंगाला आपलं देऊळ बांधा, असं डिमीटरने सांगितलं होतं. त्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेव, घाईत उरकू नकोस.

तुझी,
आई