साल्टाच्या म्युझियममधल्या ताईंना

ताई, हे मराठीत लिहितेय म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहितीये, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आमच्या टूरवाल्याने गाडीतच लेकीला सांगितलं, आत मेलेली मुलं ठेवलीत हां, रात्री स्वप्नात येतील, आणि स्वतःच खी खी हसला. वर आम्हाला म्हणे अर्ध्या तासात उरका, पुढे शॉपिंग आहे. पोर तेव्हापासून गप्प. अर्जेंटिनातल्या साल्टा शहराच्या भर चौकातलं एवढं देखणं म्युझियम, १९९९ साली युयायाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटरवर सापडलेल्या, तिथल्या जुन्या इंका साम्राज्यातल्या तीन मुलांच्या गोठलेल्या देहांसाठी उभारलेलं, सोन्याचांदीच्या नि शिंपल्याच्या चिमुकल्या मूर्ती काय, उंटाच्या जातीतल्या लामा प्राण्याच्या इवल्याशा मूर्ती काय, विणलेले कपडे तर आत्ता कुणी घडी मोडल्यासारखे, आणि ही माझा हात सोडेना.

तुम्ही त्या अंधाऱ्या खोलीच्या अलीकडे उभ्या होतात. आमच्याशी नाही बोललात. सरळ तिच्यासमोर उकिडव्या बसलात आणि सात बोटं दाखवलीत. तिघांपैकी एका वेळी एकालाच बाहेर ठेवतात ना, त्या दिवशी मुलगा होता, साधारण सात वर्षांचा. हिनेपण स्वतःची सात बोटं दाखवली. मग तुम्ही एकदा खोलीकडे हात केलात, एकदा बाहेर जायच्या वाटेकडे, आणि थांबलात. बास, एवढंच. मागे लोक खोळंबले होते तरी तिला घाई केली नाहीत, आणि आम्हा आईबापांकडे तर बघितलंसुद्धा नाहीत, कारण ठरवायचं तिने होतं.

गेली की आत! माझ्या पुढे. लाल अंगरखा, डोक्याला पांढरी पिसं, गुडघ्यांवर मान टाकून बसलेला तो पोरगा, पाचशे वर्षांपूर्वी डोंगरदेवाला बळी दिलेला, आता काचेआड उणे वीस डिग्रीत. "आई, ह्याला थंडी वाजत असेल का गं?" एवढंच विचारलं तिने. भीतीबिती काही नाही.

ह्या मुलांना असं लोकांपुढे ठेवावं का, ह्यावर तिथल्या आदिवासी समाजातून आक्षेप आहेत आणि खरं सांगू, मला ते पटतात. पण ठेवलंयच तर दाराशी माणूस तुमच्यासारखं पाहिजे. मोबाईल वर काढणाऱ्या एका काकांना तुम्ही नुसत्या नजरेने गार केलंत, तेपण बघितलं मी. साधी माणुसकी हो, तीच हल्ली शोधावी लागते.

मनापासून आभार, ताई. टूरवाल्यालाही सविस्तर लिहिलंय, पण ते इथे छापण्यासारखं नाही.