पिशवी दुभागलेली असेल तर

नागपूर, २० जानेवारी

प्रिय मित्रा,

वहिनींचा बाराव्या आठवड्याचा सोनोग्राफी रिपोर्ट पाहिला. ‘बायकॉर्न्युएट’पुढे (म्हणजे दोन शिंगांचं गर्भाशय) प्रश्नचिन्ह आहे, ते तू वाचलेलं दिसत नाही.

गर्भाची पिशवी मुळात दोन नळ्या जुळून घडते. वरच्या बाजूला जुळल्याच नाहीत तर दोन शिंगं राहतात. जुळल्या पण मधली भिंत विरली नाही, तर आत पडदा राहतो. साध्या सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसतं. थ्रीडी सोनोग्राफीत पिशवीचा माथा बाहेरून दिसतो. माथ्यावरची खाच १ सेंमीहून खोल असली तर शिंगं, नाहीतर पडदा. पोट वाढलं की हे ओळखणं अवघड, म्हणून याच आठवड्यात करून घ्या. वहिनींच्या स्वतःच्या किडन्याही बघायला सांग. पिशवी आणि किडनी एकमेकींच्या सोबतीने घडतात, त्यामुळे कधी एक किडनी नसतेच. ऑपरेशनचं आत्ता काढू नकोस. पडदा कापतात तो दिवस गेलेले नसताना, आणि शिंगं सहसा कोणी जोडत बसत नाही.

भीती आहे ती दिवस पुरे न भरण्याची. १६ ते २४ आठवडे दर पंधरा दिवसांनी पिशवीच्या तोंडाची लांबी खालून, म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी करून मोजायची. पोटावरून मोजलेली धरू नकोस, लघवी भरलेली असली की ती उगाच जास्त दिसते. २५ मिमीच्या खाली आली तर खालून ठेवायचं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन किंवा पिशवीच्या तोंडाला टाका. आधीपासून सरसकट टाका नको. घातलाच तर ३६-३७ व्या आठवड्यात काढतात. त्याआधी कळा लागल्या तर तेव्हाच काढावा लागतो, नाहीतर तोंड फाटतं. ‘नुसतं झोपून राहा’ सांगणारे भेटतील. त्याने दिवस वाढत नाहीत, पायात रक्ताच्या गुठळ्या मात्र होऊ शकतात.

मे महिन्यात अठ्ठाविसावा आठवडा लागेल. तिथून दर तीन-चार आठवड्यांनी बाळाची वाढ बघा. जागा अरुंद, म्हणून बाळ पायाळू राहायची शक्यता जास्त. पोटावरून फिरवायला जाऊ नका, सिझेरियन बरं. नागपूरच्या उन्हात पाणी पिणं कमी पडलं की पोट आवळतं, लघवीला जळजळ होते. दोन्ही अंगावर काढू नका.

बाळंतपण माहेरी, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसाला, हा बेत मात्र मोडा, नागपुरातच करा. सरकारी मेडिकल असो, मेयो असो की धंतोलीतलं खासगी हॉस्पिटल. नवजात बाळांचं व्हेंटिलेटर रात्रीही चालतं का, हे आधी विचार. ३४ आठवड्यांच्या आत तासात चार-पाचदा पोट आवळलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर सरळ तिथेच. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२ तासांनी एक अशी चार इंजेक्शनं देतात. कळा थांबवायची औषधं त्यासाठीच दोन दिवस मिळवून देतात. वार अडकून रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्ताची सोय आधीच बघ.

थ्रीडी झाली की नुसता रिपोर्ट नको, फिल्मही पाठव.

तुझा मित्र