कोणता धातू, ते तरी लिहा!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गर्भवतींनी ‘धातुयुक्त औषधे’ टाळावीत हा लेख वाचला. काल दिवसभर राग गिळला. आज सकाळी शेजारची सून, सहावा महिना चालू आहे, फाटकाशी आली आणि म्हणाली, “सिस्टर, पेपरात आलंय ना, मग त्या लाल गोळ्या बंद करू?” म्हणून हे पत्र.

अहो, लोह हाही धातूच! माझी एकतीस वर्षं त्या लाल गोळ्या वाटण्यात गेली. साठ मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक ॲसिड, रोज एक, निदान १८० दिवस. शी काळी होते, मळमळतं म्हणून बायका त्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवतात. त्यांना तुमच्या लेखकानं आयतं कारण दिलं. आणि लिथियम हाही धातूच, मनाच्या आजारासाठी तो घेणाऱ्या एखादीनं लेख वाचून गोळी आपल्या मनानं सोडली, तर? डॉक्टर तिचा डोस तपासून ठरवतील, पुरवणी नव्हे.

ज्या धातूबद्दल बोलायला हवं होतं, त्याचं नाव मात्र अख्ख्या लेखात नाही. नाग. नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, हे किती घरांत ठाऊक आहे? हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, हे?

माझ्या भाचीचा आधी एक गर्भ पडला होता. दुसऱ्या वेळी सासरच्यांनी एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी गर्भपाल रस दिला, त्यात हेच नागभस्म आणि हिंगूळ असतं. मुगाएवढ्या विटकरी गोळ्या, जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेल्या, मनुकांच्या पाण्याबरोबर घ्यायच्या. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठवर आलं, पोटात कळा, चार-चार दिवस पोट साफ नाही. सगळ्यांनी दोष दिला लाल गोळीला. ती बंद झाली, पुडी चालूच राहिली! शेवटी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना रक्ताच्या काचेवर तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसले, शिशाची शंका यावी असे. त्यांनी विचारलं, “यजमान बॅटरीच्या कारखान्यात आहेत का? घराचा जुना रंग खरवडलात का?” दोन्ही नाही. रक्तातल्या शिशाची तपासणी केली तर डेसिलिटरला ३८ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाचलाच सावध व्हायला सांगते. तेव्हा कुठे पर्समधून पुडी निघाली.

मी तिची सख्खी मावशी, वर सिस्टर. दर महिन्याला फोनवर “गोळ्या घेतेस ना?” विचारत होते. “आणखी काय घेतेस?” हे एकदाही विचारलं नाही. लेक आता दीड वर्षाची आहे, छान चालते. तरी तिच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत भाची जेवत नाही. शिसं वारेतून बाळापर्यंत सरळ जातं आणि आईच्या हाडांत वर्षानुवर्षं बसून राहतं.

आता ‘शोधन-मारण झालं, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म केलं, की विष उरत नाही’ म्हणणारी पत्रं तुमच्याकडे येतीलच. शिसं कितीही पुटं देऊन भाजलं तरी शिसंच राहतं. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गर्भवतींच्या रक्तात शिसं सापडलं, सगळ्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. एका औषधात शिसं २.४ टक्के निघालं. आपल्याकडून परदेशी जाणाऱ्या निव्वळ वनस्पतींच्या औषधांना शिशाची मर्यादा आहे दहा लाखांत दहा भाग, आणि ती तपासणी २००६ पासून सक्तीची. बाहेरच्यांची काळजी आहे म्हणायची! हिंगूळ, पारा असलेल्या औषधाच्या लेबलवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा छापावा लागतो. कॅलेंडरच्या कागदावर तो कुठे शोधायचा? भाचीच्या पुडीवर आषाढी एकादशी होती.

आयुर्वेदाशी माझं वैर नाही. बाळंतपणात शतावरी मी स्वतः घेतली आहे.

जाता जाता एक. त्या लेखाच्या पाठच्याच पानावर पाव पानाची जाहिरात होती, ‘गर्भधारणेसाठी सुवर्णयुक्त, शंभर टक्के गुण’. पुढच्या पानावर टाळा, मागच्या पानावर घ्या. पुरवणी कोणत्या बाजूनं वाचायची, तेवढं कळवा.

मागच्या खेपेस एसटीच्या वेळापत्रकावरचं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत. या वेळी कापायचंच झालं तर न्यूयॉर्क कापा, पुडी ठेवा. नाव छापू नये, भाचीच्या सासरी तुमचाच पेपर येतो.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा जिल्हा