वाळपईच्या लाईनमनला जाहीर आभार

प्रिय मुला,

तुझं नाव इथे घालत नाही. "नाव नको हां मावशी, घरात आवयला (आईला) अजून कोळ्यांचे चारच डबे आहेत असं वाटतं," असं तूच बजावून ठेवलंयस. तर चारच डबे. पण गोव्यातल्या वाळपईकडचा वीज खात्यातला लाईनमन एवढं तरी लिहू दे. ज्या पावसात तू खांबावर चढत होतास त्याच पावसात माझे फोनही घेत होतास, हे चार लोकांना कळायला हवं. फोनवर आभार मानायला गेलं की तू "तें रावूं दी" (ते राहू दे) म्हणतोस आणि विषय परत कोळ्यावर नेतोस. म्हणून हे पत्र उघड्यावर.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना टॅरंटुला ह्या मोठ्या केसाळ कोळ्याची दोन पिल्लं माझ्या पदरात टाकून गेला. सॅमन पिंक म्हणतात ती जात, लॅसिओडोरा पॅरायबाना, मूळ ईशान्य ब्राझीलची. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी काजू आणला त्याची आपण फेणी केली. ह्या पाहुण्यांचं काय करायचं ते डिचोलीत कुणाला ठाऊक? मोठी झाली की पाय पसरून वीस सेंटिमीटरच्या वर जातात. माझ्याकडे आली तेव्हा दोघं मिळून करंगळीच्या नखावर मावली असती.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग जून लागला आणि दोघंही कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातल्या, बिळात शिरली ती शिरलीच. एकाने तर बिळाच्या तोंडावर जाळं आणि माती लावून दारच बंद केलं. खाणं बंद. मुलाची परीक्षा चाललेली, त्याला सांगून घोर लावायचा नव्हता. शेजारी म्हणाले, बरं झालं, गेली असतील. एका दुकानदाराने गरमीचा बल्ब लावायला सांगितलं, तोही गोव्यात! मुलाच्या वहीत मागच्या पानावर तुझा नंबर होता, तो लावला.

तू पहिल्यांदा जे केलंस त्याचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत. "काही होत नाही, मावशी" असं तू म्हणाला नाहीस. दिलासा देणारे पुष्कळ भेटले होते. तू प्रश्न विचारलेस. शेवटचं दिसलं तेव्हा पोट केवढं होतं, पुढच्या छातीच्या भागापेक्षा मोठं की लहान? रंग फिका की काळपट? त्वचा सुरकुतलेली की ताणलेली? पाणी ठेवलंय का? डब्यात जिवंत किडा राहिलाय का? मी जुने फोटो शोधून पाठवले. पोट मिरीच्या दाण्यासारखं गोल, काळं, चकचकीत. "मग ते उपाशी नाही, ते तयारीत आहे," असं तू म्हणालास, आणि मागून कुणीतरी तुला शिडी धरायला हाक मारली.

कात टाकायची तयारी. साप कात टाकतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक, पण कोळ्याचं प्रकरण किती खोल आहे ते तू समजावलंस. त्याचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि तो वाढत नाही, म्हणून वाढायचं तर तो टाकावाच लागतो. आणि नुसती वरची साल जात नाही. विषाचे सुळे जातात, चोषक जठराचं अस्तर जातं, फुप्फुसांच्या पापुद्र्यांची अस्तरंसुद्धा त्या कातीबरोबर ओढून बाहेर येतात. खायची हत्यारंच बदलायला काढलेली असताना जेवणार कसं? आत नवी त्वचा तयार होते म्हणून पोट काळं दिसतं. इवली पिल्लं ह्यासाठी काही आठवडे उपाशी राहतात, मोठी माणसं (तुझा शब्द, "मोठी माणसं") कित्येक महिने.

काडीने माती उकरून जिवंत आहे का बघू, असं मी विचारलं तेव्हा तू एकदम आवाज चढवलास. त्या चढलेल्या आवाजाचेही आभार. कात टाकताना कोळी उताणा पडतो आणि जुनं कवच फोडून एकेक पाय सोडवतो. तेवढ्यात धक्का लागला तर पाय तुटतो, पोट फाटतं. उताणा म्हणजे मेला नव्हे, हे तू मला दोनदा घोकायला लावलंस. मेल्याची खूण वेगळी. कोळ्याच्या काही सांध्यांत पाय दुमडायला स्नायू आहेत, पण सरळ करायला नाहीत. ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. पाणी आटलं, दाब गेला की सगळे पाय पोटाखाली आवळले जातात आणि कोळी पालथाच बसून राहतो. तसं दिसलं आणि पोटही सुरकुतलेलं असलं तरच धावपळ करायची, लगेच पाणी द्यायचं. ही एक गोष्ट मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नव्हती.

मग जुलैत तू स्वतः आलास, रेनकोट गळत, हातात टॉर्च. डबे पाहिलेस आणि पहिल्यांदा कोळ्याकडे लक्ष न देता खोलीकडे दिलंस. मच्छरांची अगरबत्ती इथे लावता का? लिक्विडचं मशीन? पंचायतीचे धूर मारायला येतात तेव्हा खिडकी कुठली बंद करता? डास मारतं ते कोळ्यालाही मारतं, हे साधं गणित मला तुझ्याकडून कळलं. मग मुंग्या. आमच्या घराच्या भिंतीतून पावसाळ्यात मुंग्यांची मिरवणूक निघते, आणि कात टाकून मऊ पडलेल्या पिल्लाला मुंग्या पोखरून टाकतात. तू स्वयंपाकघरातून परात मागून घेतलीस, पाणी भरलंस, मध्ये वाटी पालथी घातलीस आणि तिच्यावर डबे ठेवलेस. माझ्या सासूबाई तुपाचा डबा असाच ठेवायच्या.

ओलाव्याचा सल्लाही गोव्याला धरून दिलास. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवाच ओली. वर आणखी पाणी फवारून बुरशी वाढवू नका. बाटलीच्या झाकणात पाणी, मातीचा एक कोपरा दमट, बाकी कोरडं, आणि तापलेल्या सुईने डब्याला दोन बाजूंना आणखी भोकं. बल्बची गोष्ट ऐकून तू नुसता हसलास. मीलवर्म (खाऊ म्हणून घालायची अळी) जिवंत सोडायचा नाही हेही तेव्हाच सांगितलंस. तो मातीत शिरतो आणि कात टाकत पडलेल्या पिल्लालाच कुरतडतो. डोकं चेचून अर्धा तुकडा बिळाच्या तोंडाशी रात्री ठेवायचा, सकाळी तसाच असला तर उचलायचा. घरातली झुरळं मात्र कधीच द्यायची नाहीत, कुठे कसलं औषध खाऊन आली असतील सांगता येत नाही.

चहा पिताना तू आणखी एक विचारलंस, "ह्यांची पावती आहे का?" मला वाटलं, हा किंमत विचारतोय. तू कायद्याचं विचारत होतास. आपल्याकडच्या झाडांवर राहणाऱ्या पेसिलोथेरिया कोळ्यांच्या जाती 2019 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेल्या, मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या ब्रॅकिपेल्मा तर त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. 2022 च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ह्या यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, त्याचे नियम 2024 मध्ये आले. माझ्या मुलाची जात त्या यादीत नाही, तरी पावती फाईलला लावून ठेवा, असं तू म्हणालास. आणि मग सत्तरी तालुक्यातल्या दरडींचं सांगितलंस. खांबासाठी खड्डा घ्यायला गेलं की जांभ्याच्या मातीत रेशमी अस्तर लावलेली बिळं दिसतात; पोकॉक ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये थ्रिग्मोपोइअस म्हणून नोंदवलेले आपले सह्याद्रीतले टॅरंटुला. पोरं काडी घालून त्यांना बाहेर ओढतात, विकायलाही बघतात. तू त्यांना हाकलतोस आणि जमलं तर खड्डा हातभर बाजूला घेतोस. खात्यात ह्याची कुठे नोंद होत नसेल, म्हणून मी इथे करते.

दार बंद केलेल्याने एका सकाळी दार उघडलं. बिळाबाहेर एक पोकळ, चुरगळलेला कोळी पडलेला आणि आत त्याच्याहून बराच मोठा, फिकट गुलाबी छटेचा. मी लगेच खायला देणार नाही हे तुला माहीतच होतं, तरी तुझा मेसेज आला, "सुळे बघा." मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिले, पांढरे होते. पांढऱ्याचे लालसर, लालसरचे काळे होईपर्यंत थांबले. काळे झाल्यावर ठेवलेला तुकडा त्याने ज्या झडपेने आत नेला, ती बघून माझे मिस्टर खुर्ची घेऊन दोन पावलं मागे सरकले. दुसऱ्यानेही मागाहून तेच केलं.

मुलाला आता सगळं सांगितलंय. तो म्हणाला, मादी असली तर दहा-पंधरा वर्षं जगेल. मी हिशेब केला आणि गप्प बसले. नर-मादी कातीवरून कळतं, मादीच्या कातीत पोटाच्या आतल्या बाजूला वीर्यकोशाचं अस्तर दिसतं, पण एवढ्याशा कातीत भिंगाखालीही खात्री नाही, असं तूच म्हणाला होतास. म्हणून दोन्ही काती वेगवेगळ्या काडेपेट्यांत घालून, वर तारीख लिहून ठेवल्या आहेत. पुढच्याही ठेवीन. हाताळल्यावर हात धुते, डोळ्याला लावत नाही. कोळ्याच्या अंगावरचे खाजरे केस कातीवरही असतात हे लक्षात आहे.

चवथीला ये. नेवऱ्या असतील, खतखतं असेल. आवयलाही घेऊन ये, डब्यांचं मी काही बोलणार नाही. काडेपेट्या बघ, आणि परात तेवढी बदलून दे रे, माझी चांगली परात अडकून पडलीय.

तुझी,
डिचोलीची मावशी