कोन्ता हिवरा?

प्रिय काका,

सादर नमस्कार.

मागच्या दिवाळीत तुम्हाला टाकलेलं पोस्टकार्ड 'पत्ता बदलला' असा शेरा घेऊन परत आलं. ग्रामीण डाक सेवक ६५ वर्षं पूर्ण झाली की निवृत्त होतो, हे मला माहीत होतं. पण तुम्ही घराला कुलूप लावून मुलाकडे राहायला जाल, हे काही मनात आलं नव्हतं. मी गावात येऊन चौकशी केली. नव्या डाक सेविका ताई म्हणाल्या, "नागपूरकडं गेले, नंबर नाही माझ्यापाशी." म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी तुम्हाला ओळखत असेल तर पोचवेल.

मी कोण ते आठवावं म्हणून सांगते. २०२३ चा मे महिना. मी आर्वीहून मैत्रिणीच्या वडिलांच्या तेरवीला निघाले होते. अमरावतीच्या होस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली, पण तिच्या गावी मी कधी गेले नव्हते. फोनवर रडत ती एवढंच म्हणाली, "हिवऱ्याला ये." मी मोबाईलमध्ये हिवरा शोधलं, जवळचं जे गाव दिसलं तिकडची एसटी धरली, फाट्यावर उतरले आणि उन्हात चालत तुमच्या गावात आले. त्या आडनावाचं घर गावात नव्हतं. मांडव नव्हता. मोबाईल बंद पडलेला. मारुतीच्या पारावर बसले आणि मला रडू फुटलं.

तुम्ही डाकेची पिशवी घेऊन चालला होता. आधी पाणी दिलंत, मग विचारलंत, "कोन्ता हिवरा पायजे, माय?"

मला प्रश्नच कळला नाही. "हिवरा का एकच हाय? तालुका सांग." तालुका मला माहीत नव्हता. "बरं, नदी हाय काय गावाले?" तेव्हा आठवलं, ती नेहमी सांगायची की आमच्या गावापाशी दोन नद्या भेटतात. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "मंग तो संगम. महागाव तालुका, जिल्हा यवतमाळ. पार उलटी आली तू."

तुमच्या घराची पुढची खोली म्हणजेच पोस्ट. तिथे माझा फोन चार्जिंगला लागला, काकूंनी चहा ठेवला, आणि तुम्ही कपाटातून ती लांबट वही काढली. चुकून आलेल्या टपालाची वही. नोकरीला लागल्यापासून दुसऱ्या कुठल्या हिवऱ्याचं पत्र तुमच्या पिशवीत आलं की तुम्ही त्या हिवऱ्याचं पूर्ण नाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण लिहून ठेवायचात. लग्नपत्रिका, विम्याच्या नोटिसा, मनीऑर्डरी, राखीची पाकिटं. एकदा कुणाचं तरी मुलाखतीचं पत्र आलं आणि मुलाखत चार दिवसांवर होती, तेव्हा ते परत डाकेत न टाकता तुम्ही स्वतः एसटीने नेऊन दिलंत. हे तुम्ही नाही, काकूंनी सांगितलं. तुम्ही मान खाली घालून शिक्क्याची शाई पुसत होता.

मग मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलंत, यवतमाळची गाडी थांबवलीत आणि कंडक्टरला बजावलंत की हिला पुढं महागावची गाडी दाखवा. मी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती, पंगती उठून गेल्या होत्या. मैत्रीण ओट्यावर बसलेली. ती मला पाहून जे रडली, ते तिच्या म्हणण्यानुसार तेरा दिवसांतलं पहिलं मोकळं रडणं होतं. काका, त्या संध्याकाळी मी तिथे होते ती तुमच्यामुळे. मुख्य आभार त्याचे आहेत.

दुसरे आभार त्या वहीचे. फोन चार्ज होईपर्यंत मी तिच्यातले सगळे हिवरे एका कागदावर उतरवून घेतले. तुमचा धरून २३ भरले. का उतरवले, तेव्हा सांगता आलं नसतं. घरी आल्यावर तो कागद रोज समोर यायचा, आणि एका रविवारी मी सकाळची एसटी धरली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून सुरू झालं होतं, त्याचाही मोठा आधार झाला. शिकवणीच्या पैशांत एवढी फिरस्ती एरवी जमली नसती. आजवर १७ हिवरे झाले.

तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता, "गावालेबी आडनाव लागते. पन ते गावासाठी नसते, पोस्टासाठी असते." हे किती खरं आहे, ते फिरल्यावर कळलं. संगमातला कुणी 'मी हिवरा संगमचा' असं गावात म्हणत नाही. तिथे तो नुसता हिवराच. शेपूट लागतं ते शीव ओलांडली की. आणि ती शेपटं कशी लागली ते बघायची मला सवयच जडली. आपल्या वर्धा जिल्ह्यात सिंदी मेघे आहे आणि सिंदी रेल्वेही. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे हे एकाच अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके. रुळ १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचले, आणि काही गावांचं आडनावच रेल्वे झालं. बुलडाण्यात देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्शा. वाशीमकडे कारंजा लाड, जिथे नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला. आणि आमच्याकडे कारंजा घाडगे. शेगाव म्हटलं की सगळ्यांचे हात गजानन महाराजांसाठी जुळतात, पण वरोरा तालुक्यातही एक शेगाव बुद्रुक आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले, हे मी शाळेत शिकले होते. त्याची गरज तुमच्या खोलीत कळली.

पिनकोड आल्यावर हा घोळ मिटला असेल, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या मराठी मुलखातले, संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे डाक खात्यातले अधिकारी. सारख्या नावांची गावं आणि नाना भाषांतले पत्ते यांतून वाट काढायला सहा आकडे. ४४२ दिसलं की वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, ४४३ बुलडाणा, ४४५ यवतमाळ. पण तुम्ही दाखवलंत की पिन गावाचा नसतो, टपाल वाटणाऱ्या पोस्टाचा असतो. एका पिनखाली कितीतरी गावं. त्यातच एक बुद्रुक आणि एक खुर्द निघालं की पिनही हात टेकतो. मग उरतो तो पिशवी उचलणारा माणूस आणि त्याची आठवण.

माझा नेम साधा ठेवला. हिवऱ्यात जायचं, कुणाच्या तरी घरचं पाणी प्यायचं, गावात हिवराचं झाड आहे का ते विचारायचं, आणि तिथल्या किंवा जवळच्या पोस्टातून ५० पैशांचं कार्ड तुम्हाला टाकायचं. तुमचा हिवरा माझ्या मोजणीत पहिला आहे.

हिवरा आश्रमला मी विवेकानंद जन्मोत्सवात गेले. मेहकर तालुक्यातलं हे गाव शुकदास महाराजांच्या आश्रमामुळे ओळखलं जातं. नजर पोचत नाही इतक्या लांब रांगा शेतात बसलेल्या, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी येत होती. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, कुठून आलीस? मी म्हटलं, दुसऱ्या हिवऱ्यावरून. त्यांनी त्यांच्या पानातली पुरी माझ्या पानात टाकली.

हिवरा बाजार रामटेक तालुक्यात, थेट मध्य प्रदेशच्या हद्दीकडच्या जंगलपट्ट्यात. तिकडे निघाले की जो तो विचारायचा, पोपटराव पवारांचं का? ते हिवरे बाजार, नगरचं. तुमच्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'नगरवाला. आपल्याकडला नाही. तरी पत्र येते.' हिवरा बारसा झरी जामणी तालुक्यात, तेलंगणाच्या कडेला. तिथपर्यंत जाऊन त्याच दिवशी परतता येत नाही, हे तुमच्या वहीत नव्हतं. एका घराने मला मुक्कामाला ठेवून घेतलं. हिवरा रोहिला, हिवरा गडलिंग पटकन झाले. आणि संगमाला मी तीनदा गेले. पूस जिथे पैनगंगेला मिळते तिथे उन्हाळ्यात वाळू उघडी पडते आणि पलीकडच्या काठावर मराठवाडा दिसतो. मैत्रीण आता दरवर्षी वडिलांच्या श्राद्धाला बोलावते.

झाडाचं सांगायचं राहिलं. ज्याच्यावरून ही सगळी गावं ओळखली जातात तो हिवर मला १७ पैकी ६ गावांतच उभा दिसला. पांढुरकी साल, लांब काटे, पावसाळ्यात पिवळट पांढऱ्या फुलांचे गोंडे. शेळ्या त्याच्या शेंगांवर तुटून पडतात. पोरांना दाखवलं तर ती म्हणतात, बाभूळच आहे. मला वाईट वाटतं. एका शाळेत गुरुजींना विनंती करून एक रोप लावलंय, जगलंय.

वहीतल्या एका नावापुढे तुम्ही लाल शाईने 'बेचिराग' लिहिलं होतं. नकाशावर मौजा आहे, सातबारा निघतो, पण वस्ती नाही. त्या गावाचं पत्र कधी येणार नाही, तरी तुम्ही तलाठ्यांना विचारून ते नाव वहीत घेतलं होतंत. तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. कपाशीच्या शेतातून पांदण जाते, आणि मधेच पांढरी माती लागते, खापरांचे तुकडे पायाला टोचतात. शेंदूर फासलेला एक दगड आहे. गुराखी म्हणाला, पोळ्याला अजून दोन घरं नारळ फोडायला येतात. पाणी प्यायला घर नव्हतं, म्हणून त्या गुराख्याच्या बाटलीतलं प्याले. हिवर नव्हता, एक निंब होता. कार्ड शेजारच्या गावातून टाकलं, ते तुम्हाला मिळालं होतं का?

विचारते, कारण एक कार्ड नक्की भरकटलं होतं. बुलडाणा जिल्ह्यातून टाकलेलं, ते आधी भलत्याच हिवऱ्याला गेलं आणि तिथल्या डाक सेवकाने पेन्सिलीने तालुका सुधारून तुमच्याकडे धाडलं. तुम्ही ते कार्डच पाकिटात घालून मला पाठवलं होतं, खाली एकच ओळ: 'याच्यापाशीबी वही असंन.' तेव्हापासून मी प्रत्येक पोस्टात वहीचं विचारते. दोन ठिकाणी खरंच निघाली. एका ठिकाणी तुमच्या गावाचं नाव होतं.

काका, सहा उरलेत. पाचांचा रस्ता मला सापडला आहे. उरलेल्या एका नोंदीत तालुका नाही, जिल्हा नाही. माझ्या कागदावर जसं उतरलं तसं लिहिते: 'हिवरा. नदीपलीकडला. बाई एकटी राहते, पत्र वाचून दाखवा लागते.' कोणती नदी? आणि त्या बाईंचं पत्र तुमच्याकडे कसं यायचं? हे वाचलंत, किंवा कुणी वाचून दाखवलं, तर आर्वीच्या जुन्याच पत्त्यावर एक कार्ड टाका. पाऊस उघडला की मी निघते.

काकूंना नमस्कार.

तुमची,
आर्वीची, उलटी आलेली पोरगी