अर्धापूरच्या मिस्त्रीमामांना

लातूर, २० जून

आदरणीय मिस्त्रीमामा,
सादर नमस्कार.

श्रीनगरहून परतीच्या वाटेवर २ जूनला आम्ही मुद्दाम आपल्या गॅरेजसमोर गाडी उभी केली, तेव्हा शटर खाली होते आणि शेजारच्या टायरवाल्याने सांगितले की आपण लेकीकडे गेला आहात, आठवडाभर येणार नाही. फोनवर आपण दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही आणि तिसऱ्याला "बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण मात्र निराळे आहे. आमचे मोटरहोम, म्हणजे मिनी बसमध्ये बांधलेले फिरते घर, पाहून लातुरात ओळखीच्या तीन कुटुंबांनी जुन्या मिनी बस घेऊन तशाच गाड्या बांधायला टाकल्या आहेत, आणि आपण आम्हाला दोन दिवसांत जे दाखवून दिलेत ते त्यांना पाटा, म्हणजे चाकावर गाडीचे वजन पेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, तुटण्याआधी कळावे अशी माझी इच्छा आहे. आपले नाव कुठे छापायचे नाही, असे आपण यजमानांना बजावले होते. ते आम्ही पाळले आहे.

त्या दिवशीची आमची अवस्था आपल्याला आठवत असेलच. मुलांच्या परीक्षा संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आम्ही पाच माणसे लातूरहून श्रीनगरला निघालो होतो. अहमदपूर, लोहा मागे पडले आणि नांदेडच्या अलीकडे मागून घासल्यासारखा आवाज येऊ लागला. वाटेत एका गॅरेजात दाखवले, तर तिथल्या माणसाने गाडीखाली न वाकताच टायरचा आवाज असल्याचे सांगून हवा भरून दिली. अर्धापूरला पोहोचेपर्यंत गाडी डाव्या अंगाला अशी कलली होती की सासूबाईंच्या हातातला चहा पेल्यातल्या पेल्यात तिरपा दिसत होता, आणि जळक्या रबराचा वास आत येत होता. आपण चाकाजवळ उकिडवे बसलात, मडगार्डच्या आतल्या बाजूने बोट फिरवलेत, काळे झालेले बोट यजमानांना दाखवलेत आणि म्हणालात, "पाटा गेलाय. आता इथून हलायचं नाही."

तो तुटलेला पाटा आपण खोलून जमिनीवर ठेवलात ते दृश्य मी विसरणार नाही. वरचा मुख्य पाटा मधल्या बोल्टाशेजारी तुटला होता. आपण तुटलेले तोंड उन्हाकडे केलेत, तेव्हा त्याचा अर्धा भाग गंजून काळपट पडलेला होता आणि उरलेला अर्धा नव्या चमच्यासारखा चकचकीत होता. चीर आजची नाही, कित्येक दिवस वाढत होती, आज फक्त उरलेला अर्धा भाग तुटला, असे आपण माझ्या मुलाला समजावलेत. आम्ही आठ महिने ती गाडी लातूर, औसा, निलंगा अशी हौसेने फिरवून "चाचणी उत्तम झाली" म्हणत होतो, आणि त्या आठही महिन्यांत पाट्याला आतून चीर जात होती.

मला वाटले होते की आपण नवा पाटा टाकाल, सवयीप्रमाणे एक जास्तीचा पाटा वाढवून द्याल, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत हदगावच्या पुढे असू. यजमानांनी तर तसे सुचवलेही. आपण त्यांच्याकडे न बघता मला विचारलेत, "ताई, कामून एवढं पाणी घेऊन हिंडायलाव?"

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा नीट दिले नाही, ते इथे देते. आम्ही लातूरची माणसे आहोत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आमच्या शहराला पाणी आले, त्याच्या आधीच्या महिन्यात टाक्यांवरची भांडणे टाळण्यासाठी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि माझी धाकटी मुलगी तेव्हा इतकी लहान होती की 'टँकर' हा तिच्या पहिल्या पंचवीस शब्दांपैकी एक होता. गाडी बांधायला दिली तेव्हा बांधणाऱ्याने शंभर लिटरची टाकी सुचवली होती. तीनशेची हवी हा हट्ट माझा होता. त्याने ती मागच्या डाव्या कोपऱ्यात स्वयंपाकाच्या ओट्याखाली बसवली, कारण तिथेच जागा होती. त्याच बाजूला दोन मोठ्या बॅटऱ्या आल्या, गॅसची टाकी आली, फ्रिज आला. उजवीकडे नुसते पलंग आणि अंथरुणे. एवढे वजन एका कडेला जाते आहे हे त्याने आम्हाला सांगायला हवे होते, अशी माझी तक्रार आहे, पण पाण्याचा दोष मी त्याच्यावर ढकलणार नाही.

त्यानंतर आपण जे केलेत त्यासाठी हे पत्र आहे. तात्पुरता पाटा चढवून, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, आपण ती मोंढ्याजवळच्या वजनकाट्यावर नेलीत. काटेवाल्याला वाटले की नेहमीसारखे एकदाच वजन करायचे आहे. आपण आधी पूर्ण गाडी काट्यावर घेतलीत, मग तिला मागे घेऊन फक्त डावी चाके काट्यावर आणि उजवी बाहेरच्या सपाट जमिनीवर अशी उभी करायला लावलीत, आणि मग त्याच्या उलट. अशी मोजणी थोडी अदमासाची असते, हेही आपण सांगितलेत. चिठ्ठ्या अजून माझ्याजवळ आहेत. एकूण ३,९१० किलो. डावी बाजू २,१९० आणि उजवी १,७२०. म्हणजे घर ४७० किलोने डावीकडे झुकलेले. काट्याच्या रांगेत आमच्या मागे हळदीची पोती भरलेला टेम्पो उभा होता, त्याच्याकडे बोट दाखवून आपण म्हणालात की तीनशे लिटर पाणी म्हणजे तीन क्विंटल, आणि तीन क्विंटल हळद एका कोपऱ्यात रचून तो टेम्पोवाला नांदेडलासुद्धा जाणार नाही, तुम्ही काश्मीरला निघालात.

एकूण वजन गाडीच्या मर्यादेत आहे, परवानाही हलक्या वाहनाचा, साडेसात हजार किलोपर्यंत चालणारा, मग काळजी कसली, असे यजमान त्यावर म्हणाले होते. वजन किती यापेक्षा ते कुठे बसले आहे हे पाट्याला कळते, असे काहीसे उत्तर आपण दिलेत. शब्द नेमके आठवत नाहीत, पण सासूबाईंनी ते लगेच ओळखले. त्यांचे माहेर किल्लारीकडचे, सगळे आयुष्य शेतात गेलेले. टाकी मागच्या चाकांच्याही मागे आहे हे ऐकताच त्या म्हणाल्या, "उलाळ झालीया म्हणा की गाडी." बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की जू वर उचलले जाते, त्याला उलाळ म्हणतात हे आमच्या मुलांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आपण हसलात. दोन दिवसांत एवढेच एकदा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपण आमचे घर आतून नव्याने मांडलेत. तीनशेची टाकी निघाली, नांदेडहून शंभर-शंभर लिटरच्या दोन टाक्या आल्या, एक ओट्याखाली आणि एक समोरच्या पलंगाखाली, दोन्ही मागच्या चाकांच्या पुढे. तळाशी त्यांना नळीने जोडलेत, म्हणजे दोन्हीकडे पाणी सारखे राहावे, आणि नळीला मध्ये कॉक बसवलात, म्हणजे वळणावर एका टाकीतले पाणी दुसरीकडे धावू नये. गाडी उभी असताना कॉक उघडा, निघण्याआधी बंद, हे काम आपण माझ्या मुलाला नेमून दिलेत आणि ते त्याने अडतीस दिवस एकदाही न चुकता केले. आईचे कुठले काम त्याने असे केल्याचे मला स्मरत नाही. बॅटऱ्या उजवीकडे गेल्या. पुन्हा काटा: डावीकडे १,९३०, उजवीकडे १,८८०.

मधल्या रात्री आम्ही आपल्या गच्चीवर झोपलो, कारण गाडी लाकडी ठोकळ्यांवर होती. खालच्या मोकळ्या जागेत शिजवलेल्या हळदीचे शेवटचे वाळवण होते आणि पाऊस येईल या भीतीने आपल्या घरच्यांनी रात्री दोनदा उठून त्यावर ताडपत्री ओढली. मामींनी ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढताना आमच्या गाडीतल्या ओट्याची चौकशी केली आणि एवढ्याशा ओट्यावर भाकरी थापणार कुठे असे विचारले, त्याचे उत्तर प्रवासभर मला मिळाले नाही. सासूबाई त्यांच्याशी उशिरापर्यंत बोलत होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर माहेरची माणसे पत्र्याच्या शेडमध्ये कशी राहिली हे त्या आम्हाला क्वचितच सांगतात, त्या रात्री त्यांनी मामींना सगळे सांगितले. पुढे गाडीत सर्वांत गाढ झोप त्यांनाच लागत असे. डोक्यावर दगडमातीचे माळवद नाही, एवढे त्यांना पुरे होते.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. आपण फुकट काही केले नाहीत, आणि मला ते आवडले. पाटे, टाक्या, नळ्या, मजुरी, सगळे आपण वजनकाट्याच्या चिठ्ठीमागे पेन्सिलने लिहून दिलेत, बेरीज दोनदा तपासलीत, आणि काट्याचे तीस-तीस रुपयेसुद्धा त्यात धरलेत. फक्त दोन दिवस थांबवून ठेवल्याबद्दल मी जे फणकाऱ्याने बोलले होते त्याचा हिशेब आपण कुठे लावला नाहीत. त्याची माफी मी समोर मागितली नव्हती, आज मागते.

पुढचे सगळे सांगत बसले तर पत्र फार लांबेल. यवतमाळ, वर्धा करून बुटीबोरीला नागपूरचा रस्ता धरला आणि तिथून पुढे ४४ क्रमांकाच्या महामार्गाने गेलो. पेंचच्या जंगलात प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता खांबांवर उचलला आहे, तिथे मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती आणि तिला एक माकड दिसले. पाटे आसाला आवळून धरणारे नवे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे आपले सांगणे यजमानांनी लखनादौनला पाळले. चारांपैकी दोन नट खरोखरच पाव फेरा सैल निघाले. बरमानला नर्मदा ओलांडली तेव्हा सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून नर्मदेचे पाणी तांब्यात घेतले आणि तो तांब्या श्रीनगरपर्यंत मांडीवर धरला. उलाळ होऊ नये म्हणून, असे त्यांचे म्हणणे. पानिपतला काला आंबजवळ, तिसऱ्या लढाईच्या स्मारकापाशी, आम्ही तासभर थांबलो. जम्मूच्या पुढे चढण, वळणे आणि नऊ किलोमीटरचा चेनानी-नाशरी बोगदा आला, तिथे गाडी कुठल्याच अंगाला कलली नाही. तेव्हा मी पलंगाखालच्या टाकीवर हात ठेवून बसले होते, हे यजमानांना अजून माहीत नाही.

पाण्याचे म्हणाल तर आपलेच खरे झाले. आम्हा पाच जणांना दिवसाला ऐंशी-नव्वद लिटर पुरले, आणि ते रोज कुठे ना कुठे मिळाले, पेट्रोल पंपावर, धाब्यावर, एकदा एका शाळेच्या चौकीदाराकडे. आपण निघताना सांगितलेले होते की पंजाबात पाणी मागायची वेळ आली तर लातूर सांगू नका, नांदेड सांगा. मला ती थट्टा वाटली होती. लुधियान्याच्या पुढे एका गुरुद्वाऱ्याच्या आवारात यजमानांनी भीतभीत "नांदेडहून आलोय" म्हटले, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या सरदारजींनी "हुजूर साहिब?" असे, म्हणजे नांदेडच्या गुरुद्वाऱ्याविषयी, विचारून हात जोडले, नळी स्वतः ओढत आणली, आणि टाकी भरून झाल्यावर आम्हाला लंगरला बसवल्याशिवाय सोडले नाही. अर्धापूर हुजूर साहिबपासून किती लांब, असे त्यांनी विचारले. वीस-पंचवीस किलोमीटर, असे यजमान म्हणाले. मग त्यांना आपली गोष्ट सांगावी लागली, आणि पंजाबचे ट्रक आपल्याकडे का थांबतात ते तेव्हा आम्हाला कळले.

इथे बांधल्या जाणाऱ्या तीन गाड्यांपैकी एकीचे मालक परवा चिठ्ठ्यांचे फोटो घेऊन गेले. टाकी किती लिटरची घेऊ असे ते विचारत होते. मी त्यांना आधी गाडी काट्यावर न्यायला सांगितले आहे, दोन्ही अंगांनी.

निघताना यू-बोल्टसाठी आपण आपला चोवीस नंबरचा रिंग पाना आमच्या हवाली केला होता आणि येताना परत द्या म्हणाला होतात. तो मुलाने धुऊन, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे. टायरवाल्याकडे देऊन जावे असे यजमानांच्या मनात होते, पण मुलगा तयार झाला नाही. येत्या रविवारी सकाळी आम्ही तो घेऊन येत आहोत. मामींना सांगावे की या वेळी भाकरी मी आणते, घरच्या ओट्यावर थापलेली.

आपली नम्र,
लातूरची ताई